रिमला क्रोम नको, मग काय? चकाकी हवी असलेल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

रत्नागिरीच्या मामांच्या गाडीचं मागचं डावं चाक दर आठ दिवसांनी बसायचं. पंक्चरवाल्याने टायर तीन वेळा पाण्यात बुडवून पाहिला. खिळा नाही, व्हॉल्व्ह ठीक. चौथ्या खेपेला टायर रिमवरून उतरवला तेव्हा कारण सापडलं. टायरची कड रिमला जिथे घट्ट बसते, नेमकं तिथलं क्रोम सुटलं होतं. नखाने ओढल्यावर मिठाईवरच्या वर्खासारखा पापुद्रा हातात आला आणि खाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी दिसली. बाहेरच्या बाजूने तीच रिम आरशासारखी लखलखत होती.

त्या चारही रिम मी पुढे क्रोम काढून पावडर कोटिंग करून घेतल्या. त्या कामात दोन वर्कशॉप फिरलो, एका ठिकाणी काम बिघडलं, दुसऱ्या ठिकाणी शिकायला मिळालं. तेव्हापासून ओळखीतलं कोणी रिमला क्रोम करायचं म्हणालं की मी त्याला थांबवतो. चकाकी हवीशी वाटणं मला समजतं, मलाही ती आवडते. पण ती मिळवायचे आता बरेच चांगले मार्ग आहेत.

क्रोम का नको

रिमवरच्या क्रोममध्ये प्रत्यक्ष क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अर्ध्याहूनही पातळ असतो. त्याच्या खाली निकेल, निकेलच्या खाली तांबं. डोळ्याला दिसणारी खोल चमक मुख्यतः निकेलची असते, क्रोम फक्त तिला डाग पडू देत नाही. दगड लागून या थरांना सूक्ष्म चीर गेली की खारं पाणी आत शिरतं. निकेल-तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम असेल तर झिजतं ते ॲल्युमिनियम, तेही झपाट्याने. म्हणून क्रोम वरून गंजत नाही, खालून फुगतं. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्याला हे लवकर होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या वाड्यात एक काका होते, त्यांचं आयुष्य प्लेटिंगच्या टाक्यांवर गेलं. त्यांच्या नाकातल्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. टाकीतून उडणाऱ्या क्रोमिक ॲसिडच्या तुषारांनी असं होतं, आणि या धंद्यात ते फार जुन्या काळापासून माहीत आहे. टाकीतलं हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं, क्रोमियम कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात ठेवलं आहे. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, यावरून ते किती थोडं पुरतं हे कळेल. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजे या टाक्यांतलं मूळ रसायन, खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम केला, त्यानुसार शोभेच्या प्लेटिंगमधलं हेक्झाव्हॅलंट क्रोम १ जानेवारी २०२७ पासून बंद होणार आहे, ठरावीक अटी पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत आहे.

ट्रायव्हॅलंट, म्हणजे तीन संयुजेच्या, क्रोमची प्लेटिंगही असते आणि ती कामगाराला कितीतरी कमी घातक आहे. तिची छटा जराशी गडद येते. पण तिच्याखालीही निकेलच असतं, त्यामुळे मामांच्या रिमचं दुखणं तिने बरं होत नाही.

आधी रिम ओळखा

चुंबक लावून पाहा. चिकटला तर पत्र्याची, म्हणजे स्टीलची रिम. नाही चिकटला तर अलॉय, ज्याला आपल्याकडे सर्रास मॅगव्हील म्हणतात. नाव मॅग, म्हणजे मॅग्नेशियम, असलं तरी धातू ॲल्युमिनियमचा असतो. आधीच क्रोम केलेली अलॉय असेल तर चुंबकाच्या निकालावर विसंबू नका, निकेलचा थर त्याला किंचित ओढतो.

मग टायर उतरवायच्या आधी चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. कड वर-खाली किंवा आत-बाहेर नाचत असेल तर रिम वाकलेली आहे. टायर उतरवल्यावर रिम धुऊन, आतल्या बाजूने टॉर्च मारून एकेक आरी तपासा, विशेषतः आरी जिथे कडेला मिळते तिथे. तडा दिसला तर तिथेच थांबा. तडा गेलेल्या रिमवर रंग चढवणं म्हणजे तो तडा सगळ्यांपासून लपवणं, आणि चालत्या गाडीत ती रिम तुटते. अशी रिम भंगारात द्या.

पावडर कोटिंग: दहापैकी आठ जणांसाठी हाच मार्ग

कोरडी पावडर विद्युतभार देऊन धातूवर उडवतात आणि भट्टीत वितळवून तिचा एकसंध थर करतात. एका थराची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन भरते. खडी, चिखल, ऊन यांना टिकण्यात साधा रंग याच्या जवळपासही येत नाही. आरसा मात्र याने होत नाही. चांदीसारखी झळाळी मिळते, आणि ती वर्षानुवर्षं राहते.

भोसरी असो, शिरोली असो की अंबड, प्रत्येक एमआयडीसीत पावडर कोटिंगवाले सापडतात. पण त्यातले बहुतेक जण दिवसभर खिडक्यांच्या जाळ्या, पॅनेल आणि कपाटं करतात. रिम हे वेगळं काम आहे. म्हणून पायरीपायरीने काय होतंय ते तुम्हाला माहीत असायला हवं.

१. रिम पूर्ण मोकळी करून न्या. टायर, रबरी व्हॉल्व्ह, चिकटवलेली वजनं, मधली प्लास्टिकची टोपी, हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो, सगळं उतरवा. भट्टीत यातलं काहीच टिकत नाही. प्रत्येक रिमच्या आतल्या बाजूला कोणत्या चाकाची ते ठोकून लिहू नका, तारेने पत्र्याचा बिल्ला बांधा.

२. जुना रंग हवेच्या जोराने कण मारून काढतात, त्याला ब्लास्टिंग म्हणतात. त्याआधी विचारा, "ब्लास्टिंगला काय वापरता?" उत्तर स्टील शॉट किंवा ग्रिट आलं तर अलॉय रिम तिथे देऊ नका. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर नव्या रंगाखाली गंजाचे ठिपके येतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी हवेत. माझं पहिलं काम इथेच बिघडलं. कोटिंग सुंदर झालं होतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर आऱ्यांवर तपकिरी तीट लावल्यासारखे ठिपके आले.

३. रिमवर क्रोम असेल तर ते आधी प्लेटिंगवाल्याकडून पूर्ण उतरवून घ्या. तो उलटा करंट देऊन थर काढतो. सुटलेलं क्रोम खरवडायचं आणि घट्ट बसलेलं तसंच ठेवून वर पावडर मारायची, हा उद्योग करू नका. गुळगुळीत क्रोमवर पावडर नीट धरत नाही आणि उरलेल्या क्रोमच्या कडेपासून थर पुन्हा सुटायला लागतो.

४. आता टाक्या. लोखंडासाठी आपल्याकडे सेव्हन टँक पद्धत चालते: तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, मध्ये मध्ये धुणं. यातल्या गंज काढण्याच्या टाकीत ॲसिड असतं आणि ॲल्युमिनियमची रिम त्यात बुडवली की ती खाल्ली जाते. पोऱ्याने सवयीने सगळं एकाच साखळीला लावलं तर हे सहज घडतं, म्हणून तोंडी न सांगता चलनावर लिहून द्या. ॲल्युमिनियमला वेगळी प्रक्रिया लागते. जुनी पद्धत पिवळ्या क्रोमेटची, म्हणजे पुन्हा तेच हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. झिर्कोनियमवर आधारित क्रोमविरहित रसायनं मिळतात, त्यांची चौकशी करा. क्रोम टाळायला निघून मागच्या दाराने तेच घरात आणायला नको.

५. ओतीव रिमच्या धातूत बारीक छिद्रं असतात, त्यात हवा आणि तेल दडून बसतं. पावडर मारण्याआधी रिम नुसतीच भट्टीत घालून अर्धा तास तापवली की हे बाहेर पडतं. ही पायरी गाळली तर पावडर वितळताना बुडबुडे येतात आणि थरावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. घाईच्या दिवसांत हीच पायरी सगळ्यात आधी गळते.

६. कडा घासल्या असतील तर भरायला नेहमीची बॉडी पुट्टी चालत नाही, भट्टीत ती फुगते किंवा तडकते. उष्णता सहन करणारा धातुमिश्रित इपॉक्सी भराव हवा. नाहीतर ओरखडे घासूनच काढा.

७. झाकायच्या जागा स्वतः दाखवा: रिम हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकते तो मागचा सपाट भाग, मधलं गोल भोक आणि नट बसतात त्या तिरक्या खोबण्या. इथे पावडर राहिली तर नट घट्ट होतात ते पावडरच्या थरावर. गाडी चालली, थर दबला, की नट सैल. लोक रंगाची छटा निवडायला तासभर लावतात आणि या तीन जागांबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

८. भट्टी. पावडर पिकायला साधारण १८० ते २०० अंश आणि १० ते २० मिनिटं लागतात, पण हा वेळ रिमचा धातू त्या तापमानाला पोचल्यानंतर मोजायचा असतो. भट्टीचा काटा २०० दाखवतो तेव्हा जाड रिम आत अजून थंड असते. उलट बाजूही सांगतो. अलॉय रिम सहसा ए३५६ या मिश्रधातूची असते. ती ओतल्यावर ५४० अंशांच्या आसपास तापवून, पाण्यात विझवून, मग १५५ अंशांच्या आसपास काही तास मुरवलेली असते. तिची ताकद या मुरवण्यात आहे. एक-दोनदा थोडा वेळ २०० अंशांना नेल्याने काही बिघडत नाही. पण तीच रिम कपाटांच्या खेपेबरोबर दोन-दोन तास भट्टीत ठेवली, किंवा दर वर्षी नवा रंग म्हणून भाजली, तर धातू मऊ पडतो.

९. चांदीच्या छटेवर पारदर्शक पावडरचा दुसरा थर घ्याच. नुसती मेटॅलिक पावडर हाताळून आणि धुऊन काळवंडते. "क्रोम इफेक्ट" नावाची पावडर मिळते, तिच्या नमुन्याच्या पट्टीवर भाळू नका. पट्टीवर ती आरशासारखी दिसते, पण वर पारदर्शक थर दिला की राखाडी होते, आणि न दिला तर टिकत नाही. मी हायपर सिल्व्हर किंवा साधी चमकदार चांदी सुचवतो.

काम ताब्यात घेताना रिम उन्हात फिरवून पाहा. आऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत पावडर कमी पोचते, तिथे बोट फिरवा. वर्कशॉपमध्ये जाडी मोजायचं यंत्र असतं, चार ठिकाणी लावून दाखवा म्हणायला संकोच करू नका.

पीव्हीडी: क्रोमच्या सर्वांत जवळ

ज्यांना आरसाच हवा त्यांच्यासाठी हा मार्ग. पीव्हीडी म्हणजे फिजिकल व्हेपर डिपॉझिशन. रिमवर आधी गुळगुळीत पावडरचा पाया देतात. मग निर्वात पेटीत धातूची वाफ किंवा कण त्यावर बसवतात. हा धातूचा थर एका मायक्रॉनहून पातळ असतो. शेवटी वर पारदर्शक थर. टाकी नाही, ॲसिडचे तुषार नाहीत, रिमचं वजनही फारसं वाढत नाही. धातू दोन बिनधातूच्या थरांत बंद असल्यामुळे निकेलसारखं खालून ॲल्युमिनियम खाल्लं जात नाही.

अडचण अशी की पायाचा पावडरचा थर आरशासारखा सपाट नसेल तर प्रत्येक दोष दुप्पट दिसतो. आणि दगड लागून टवका उडाला तर तेवढीच जागा दुरुस्त होत नाही, पूर्ण रिम पुन्हा करावी लागते. नळ आणि दारांच्या हँडलला पीव्हीडी करणारे बरेच आहेत, पण त्यांची पेटी सोळा इंची रिमला पुरेलच असं नाही, आणि त्यांना रिमवरच्या खडीचा अनुभव नसतो. त्यांनी केलेली, निदान एक पावसाळा फिरलेली रिम दाखवा म्हणा. दाखवता आली नाही तर परत फिरा.

डायमंड कट आणि पॉलिश

नव्या गाड्यांवर काळ्या आऱ्या आणि पुढे चमकता चेहरा दिसतो, ते डायमंड कट. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी लेथवर पुढच्या पृष्ठभागाची अगदी पातळ साल काढतात आणि त्यावर पारदर्शक लॅकर देतात. जवळून पाहिलं तर जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेषा दिसतात. सुंदर काम असतं. पण प्रत्येक वेळी धातू कमी होतो, त्यामुळे एकाच रिमवर हे एक-दोनदाच करावं. लॅकरला टवका गेला की त्याखाली पांढऱ्या मुंग्यांच्या रांगेसारखी गंजाची रेघ सरकत जाते. किनाऱ्यावर राहत असाल तर हा पर्याय सोडा.

हाताने पॉलिश करणं हा सर्वांत जुना आणि माझा आवडता मार्ग आहे, जर तुमच्याकडे रविवार असतील तर. जुना रंग काढून ३२०, ४००, ६००, ८००, १२००, २००० अशा क्रमाने पाणी लावत पॉलिश पेपर मारायचा. युक्ती एकच: प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने घासायचा आणि आधीच्या रेषा संपूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. ४०० ची एक रेघ राहिली तर २००० नंतर तीच डोळ्यात खुपते. मग ड्रिल मशीनला सिसालचा बफ आणि कापणारं कंपाउंड, शेवटी सुती बफ आणि बारीक कंपाउंड. चार तासांनी रिममध्ये आपला चेहरा दिसतो, तेव्हा हात काळे झालेले असतात आणि मन प्रसन्न. ही चमक खऱ्या धातूची आहे, तिचा पापुद्रा निघूच शकत नाही. पण उघडं ॲल्युमिनियम मंदावतं. महिन्याला मेण, पावसाळ्यात पंधरवड्याला. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला हे झेपत नाही, जुनी जपलेली गाडी असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

स्प्रे क्रोम

याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील: दोन नळ्यांची बंदूक फिरते आणि काळी रिम क्षणात आरसा होते. ती जादू म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतली चांदीच्या आरशाची अभिक्रिया. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणि क्षपणक एकत्र येतात आणि खरी चांदी पृष्ठभागावर बसते. चांदीचं काय होतं हे चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरीच्या कारागिराला सांगायला नको. ती काळवंडते. वरचा पारदर्शक थर जिथे फुटतो तिथून पिवळट-तपकिरी डाग पसरतात. शिवाय पाणी पूर्ण शुद्ध नसेल तर थरावर ढग येतात. लोगो, टाकीची पट्टी, प्रदर्शनातली बाईक यांना ठीक. खडी झेलणाऱ्या रिमला मी हे कधीच सुचवणार नाही.

घरच्या घरी

पत्र्याच्या रिमला किंवा कडा घासलेल्या अलॉयला डब्याच्या स्प्रेने बरंच चांगलं रूप देता येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. दमट हवेत लॅकर पांढरट पडतो.

टायर उतरवायची सोय नसेल तर हवा थोडी कमी करा आणि जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांचे पत्ते टायर आणि रिमच्या फटीत एकावर एक चढवत गोल खोचा. मास्किंग टेपपेक्षा हे सरस, कारण पत्रिकेचा जाड कागद कडेच्या आत जातो आणि रंगाची रेघ दिसत नाही. ब्रेकचा भाग आणि व्हॉल्व्ह झाका. डिशवॉशने धुवा, सुकवा, ३२० आणि मग ६०० ने घासा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका. जिथे ॲल्युमिनियम उघडं पडलं तिथे एच (etch) प्रायमर, जो धातूला धरून बसतो, लोखंडाला रेड ऑक्साइडपेक्षा इपॉक्सी प्रायमर. रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. जाड एक हात मारला तर ओघळ येणारच. मग दोन हात पारदर्शक लॅकर. दोन घटकांचा टूके लॅकर जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतं. दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. तो बूथ असलेल्या पेंटरवर सोडा.

सोलून काढता येणारा रबरी स्प्रे हा आणखी एक मार्ग. पाच-सहा हात जाड मारायचा, कंटाळा आला की सोलायचा. पातळ मारला तर सोलताना तुकडे पडतात. चकाकी यात नाही, पण रंग बदलून पाहायचा असेल तर बिनधोक आहे. पत्र्याच्या रिमवर चांदीच्या रंगाचं चांगलं प्लास्टिक कव्हर बसवणं हाही पर्याय आहे. पुण्याच्या नाना पेठेत अर्ध्या तासात काम होतं.

चाक बसवताना आणि नंतर

टायर बसवणाऱ्याला सांगा की मशीनच्या जबड्यांना प्लास्टिकची टोपणं लावायची आणि कडेला साबणाचं पाणी लावायचं. नव्या कोटिंगचे अर्धे ओरखडे पहिल्याच दिवशी या मशीनवर पडतात. बॅलन्सिंगची वजनं कडेला ठोकायची नाहीत, आतल्या बाजूला चिकटवायची. टायरवर दिशेचा बाण असेल तर चाक योग्य बाजूला जातंय ना ते पाहा.

नट हाताने सुरू करा, ताऱ्याच्या आकारात, समोरासमोर आवळा. शेवटचा ताण तो मोजणाऱ्या टॉर्क पान्याने द्या. एअर गनने धडधडवलेला नट खोबणीतलं कोटिंग फोडतो. बहुतेक छोट्या गाड्यांचा आकडा ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा तपासा.

धुताना रिम थंड असू द्या. वॉशिंग सेंटरवर ॲसिडचं पाणी मारू देऊ नका, तीस सेकंदांत रिम पांढरी स्वच्छ होते आणि सहा महिन्यांत कोटिंग मंद. सौम्य शांपू पुरतो. ब्रेकच्या काळ्या भुकटीतलं लोखंड चिकटून बसलं असेल तर तटस्थ, म्हणजे ॲसिड नसलेला, आयर्न रिमूव्हर मारा, जांभळा रंग ओघळला की धुऊन टाका. पावसाळ्यात लाल माती आऱ्यांच्या मागे साचते, ती बाहेरून दिसत नाही. आत हात घालून काढा, कारण ओल तिथे आठवडाभर राहते.

मामांच्या गाडीची स्टेपनी मात्र आम्ही विसरलो होतो. तीही क्रोमचीच होती, डिकीत चटईखाली. चार रिम घेऊन जाल तेव्हा पाचवी आठवणीने बरोबर न्या.